नीट चावून खाल्लं

१२ सप्टेंबर, शुक्रवार

माझ्या फ्रीजरमध्ये उंदीर आहेत! वाटाण्याच्या पिशवीला खेटून. पांढरे. एकेक वेगळ्या पिशवीत, शेपटी दुमडून, नीट पॅक केलेले. बर्फ काढायला हात घातला आणि बोटाला शेपूट लागली. ओरडले नाही. चिरंजीव जाताना सांगून गेले होते, "खालच्या कप्प्यात ठेवलेत, तुझ्या वस्तूंना लागणार नाहीत." वरच्या कप्प्यात निघाले. त्याचं वर-खाली आजवर कधी जुळलंय म्हणा!

काल त्याला केंद्रात सोडून आले. गोळ्या सोडवायचं केंद्र. दोन महिने राहायचं. मोबाईल जमा. फोन फक्त रविवारी, तोही त्यांच्या ऑफिसातून. गेटवर मला वाटलं होतं गळ्यात पडेल, रडेल, निदान सॉरी तरी म्हणेल. छे! "आई, चेंडूकडे बघ हं" — एवढं बोलला आणि बॅग उचलून आत. सव्वीस वर्षं वाढवलं मी, आणि शेवटचा शब्द सापासाठी.

चेंडू म्हणजे त्याचा साप. अजगराच्या जातीतला, बिनविषारी, मनगटाएवढा जाड. घाबरला की अंगाचा गोळा करतो आणि तोंड मधोमध खुपसतो, म्हणून चेंडू. आजवर मी त्या खोलीत केर काढायलासुद्धा नाक मुरडून जात होते.

पण खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट ही, की काल मी झोपले. पडल्या पडल्या जी झोपले ती गजराला उठले! तीन वर्षांत पहिल्यांदा कान दाराकडे नव्हते. तो कुठे आहे हे माहीत आहे, कोणाबरोबर आहे हे माहीत आहे, गेटवर माणूस बसलेला आहे. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटतंय. आईला असं वाटावं का? वाटतंय, त्याला मी काय करू. इथे तरी खरं लिहिते.

१३ सप्टेंबर

आजही झोपले. बहिणीचा फोन — "ताई, तुला झोप लागते तरी कशी गं?" म्हटलं, आडवी झाले की लागते.

१४ सप्टेंबर, रविवार

पहिला फोन. आवाज बारीक, थकलेला, पण जागेवर. "जेवलास?" विचारलं. "जेवलो."

हा एक शब्द मला ऐकवत नाही. तीन वर्षं हाच ऐकला. "जेवलो, आई." आणि मग कपाटात कपड्यांच्या मागे डबा सापडायचा, झाकणसुद्धा न उघडलेला. कुठे होतास, तर मित्राकडे. डोळे का लाल, तर जागरण. जेवलास का, तर जेवलो. इतकं सफाईने बोलायचा की पुढे पुढे मी विचारायची ती नुसती सवयीने.

मग त्याने चेंडूचं सगळं परत घोकून घेतलं. दर शुक्रवारी एक. आदल्या दिवशी फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवायचा, म्हणजे हळूहळू वितळतो. मग पिशवीसकट गरम पाण्यात. उकळत्या नाही! मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही, फुटतो. (देवा रे.) आतून बाहेरून गरम झाला की लांब चिमट्यात धरून चेंडूसमोर हलवायचा, जिवंत असल्यासारखा. "आणि जिवंत उंदीर आणू नकोस कुणी कितीही सांगितलं तरी. तो चेंडूला चावतो."

म्हटलं, बाबा रे, मी जिवंत उंदीर आणीन असं तुला वाटलंच कसं!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज घातला. म्हणजे घालायचा प्रयत्न केला.

उंदरासाठी वेगळं पातेलं काढलं — ते जुनं, कान तुटलेलं. त्याच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका लावला, चुकून कधी चहा व्हायला नको त्यात. बाळाच्या अंघोळीला घेतात तितकं पाणी गरम केलं. उंदीर पिशवीत तरंगत होता, पाय वर करून. सुट्टीवर आल्यासारखा! मला हसूच आलं. एकटी हसत होते स्वयंपाकघरात. मग हातमोजे घालून बाहेर काढला, अर्थातच स्वच्छ धुतला, जुन्या टॉवेलने पुसला, चिमट्यात धरला आणि गेले.

न धुता कसा देणार? चोवीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढलीत, दहा वर्षं मुकादम आहे. आमच्याकडे दोन दारं. एका दारातून मळके गठ्ठे आत, दुसऱ्या दारातून धुतलेल्या चादरी बाहेर. मधे मशीन. न धुतलेली चिंधीसुद्धा स्वच्छ बाजूला जात नाही — मी जाऊ देत नाही. डॉक्टर असोत नाहीतर डीन असोत, मळका कोट घेऊन आमच्या स्वच्छ बाजूला कुणी पाय ठेवला तर मी हाताला धरून बाहेर काढते. चेंडूची काचेची पेटी तर किती स्वच्छ ठेवलीय पोराने. त्यात कुठल्या कुठल्या कारखान्यातून आलेला उंदीर तसाच टाकू?

तर चेंडूने बघितला. जीभ बाहेर काढली, आत घेतली, परत काढली. मान मागे घेतली. मी चिमटा हलवला. त्याने तोंड फिरवलं आणि आपल्या उलट्या मडक्याखाली निघून गेला. अगदी लग्नातल्या रुसलेल्या काकांसारखा!

तासभर उभी होते. हात भरून आला. शेवटी उंदीर कागदात गुंडाळून टाकून दिला, परत गोठवायचा नाही म्हणालाय.

२१ सप्टेंबर, रविवार

आधी केंद्रातल्या बाई आल्या फोनवर, त्या मुलांशी बोलतात त्या. "पहिला आठवडा कठीण गेला त्यांना. पण रोज त्या सापाबद्दल बोलतात. त्याच्यासाठी मला बरं व्हायचंय, म्हणतात. त्याला जरा नीट सांभाळा हं."

मग फोन त्याच्याकडे. पहिलाच प्रश्न, "चेंडूने खाल्लं?"

मी म्हटलं, "हो! न खायला काय झालं?"

"एकदम?"

"एकदम. नीट चावून खाल्लं."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "बरं, आई." पुढे काही विचारलं नाही. विश्वास बसला बिचाऱ्याचा. फोन ठेवला आणि हुश्श केलं. खोटं इतक्या पटकन तोंडात कसं आलं, मलाच कळेना. पण पुढच्या शुक्रवारी खाईल, मग खरंच होईल ते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नाही खाल्लं.

२८ सप्टेंबर, रविवार

"बरा आहे ना चेंडू?" एवढंच विचारलं. "मस्त आहे," म्हटलं. मग तिथल्या बागेबद्दल बोलला. त्याला वांग्यांना पाणी घालायचं काम दिलंय. वांगी! ताटात वांगं दिसलं की उठून जाणारा माणूस.

१ ऑक्टोबर

लाँड्रीत बॉयलरवाल्या काकांना सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? सगळ्यांना वाटतं चिरंजीव नोकरीसाठी बाहेरगावी गेलेत. काकांना पहिल्यापासून माहीत आहे. मागे एकदा तो लाँड्रीच्या गेटवर पडलेला सापडला होता, तेव्हा काकांनीच उचलून बॉयलरच्या उबेला आणून झोपवलं होतं. नंतर एका शब्दाने कुठे बोलले नाहीत.

म्हणाले, "बाई, उपाशी राहिला तर मरेल का तो?"

"माहीत नाही हो."

"आणि मेला तर?"

यावर मी उठून मळक्या बाजूला गेले आणि गठ्ठे मोजत बसले. मेला तर! तो परत येणार, खोलीत जाणार, पेटी रिकामी. मग काय करणार तो? त्याच्याकडे दुसरं आहे काय धरायला? माझं काय — मी आहेच, पण माझ्यासाठी गोळ्या सुटल्या असत्या तर तीन वर्षांपूर्वीच सुटल्या असत्या.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चेंडूचे डोळे गेले! दुधासारखे पांढरट झालेत दोन्ही. आंधळा झाला म्हणून धावत त्या दुकानात गेले, पाळीव प्राण्यांच्या. दुकानदार तरुण आहे, खांद्यावर सतत एक पोपट, आणि शर्टवर पोपटाची पांढरी नक्षी. तो शर्ट बघून मला काय काय झालं! पण जीभ आवरली.

म्हणाला, "मावशी, कात टाकणार आहे तो. डोळ्यांवरची पण कात सुटते. तोवर काही खात नाही. घाबरू नका."

जीव भांड्यात पडला! म्हणजे म्हणून खात नव्हता तर! पोपटालासुद्धा थँक्यू म्हणाले.

येताना मागून ओरडून म्हणाला, "नंतरही नाहीच खाल्लं तर जिवंत देतो एक." म्हटलं, नको. आमच्याकडे चालत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

चेंडूचं नावच काढलं नाही आज. सुटले!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कात टाकली. सकाळी बघते तर पेटीत अखंड मोजा पडलेला, शेपटीपासून थेट डोळ्यांपर्यंत! आणि चेंडू नवाकोरा, तकतकीत, वर मान करून. "अगंबाई!" असं मोठ्याने म्हणाले त्याला.

कात कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतली, टॉवेलवर सरळ करून वाळत घातली. पोराला दाखवायची आहे. आता शुक्रवारी खाणारच.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

नाही!!

सगळं अगदी व्यवस्थित केलं होतं. उलट आज जास्तच काळजी घेतली. मनात म्हटलं, फ्रीजरचा वास येत असेल त्याला, वाटाण्याचा, जुन्या बर्फाचा. म्हणून लिंबाच्या वासाचा नवा साबण आणला, दोनदा धुतला, फेस काढला. उंदीर इतका छान दिसत होता की विचारू नये. चेंडूने जीभ काढली आणि झटक्याने मागे सरला. असा सरला की मडकंच कलंडलं!

मग मी एक केलं. हात आत घातला. स्वतःचा हात! आणि त्याला उचललं. मला वाटायचं ओला, बुळबुळीत असेल. अजिबात नाही. कोरडा, गार, कडक इस्त्री केलेल्या चादरीसारखा. हातावर गोळा होऊन बसला, तोंड मधे लपवून. हलका लागला. आधी किती जड होता मला काय माहीत, कधी हात लावला होता? पण पाठीची रेघ वर आलीय. हाडाची.

त्याला तसंच धरून पलंगावर बसले बराच वेळ. म्हटलं, खा रे राजा. तुझं काय बिघडवलंय मी? त्या पोराकडे तरी बघ.

१८ ऑक्टोबर

मलाच जेवण जात नाहीये. पोळी घशाखाली उतरत नाही. बहिणीला वाटतं पोराची काळजी. तिला काय सांगू, सापाची आहे! ती म्हणते, "मरू दे गं तो साप, तुझी पीडा टळेल." फोन आपटला मी. मग परत करून सॉरी म्हणाले. मग तीच म्हणाली, "चिडलीस, बरं वाटलं. तीन वर्षांत चिडायची ताकदच नव्हती तुझ्यात."

खरंच की. मी चिडत नव्हते हे मला ठाऊकच नव्हतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

आजही चेंडूचा विषय नाही. मीही काढला नाही. वांगी लागलीत म्हणाला. वजन वाढलंय म्हणे त्याचं. चला, एकाचं तरी!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

परत नाही. आज मी त्याच्यासमोर चिमटा टाकून चक्क रडले. चेंडू मडक्यातून डोकं काढून बघत होता. त्याला कान नसतात म्हणे. बरं आहे त्याचं.

२६ ऑक्टोबर, रविवार

काय दिवस होता! क्रमाने लिहिते, नाहीतर पुढचं मागे होईल.

फोन आला. इकडचं तिकडचं झालं. वांगी, गाद्या, शेजारच्या पलंगावरचा घोरणारा माणूस. आणि मग त्याने विचारलं, "आई, तू जेवलीस का?"

"जेवले."

नव्हते जेवले. आदल्या दिवशीपासून दोन चहांवर होते. आणि ते "जेवले" माझ्या तोंडातून असं निघालं — पटकन, गुळगुळीत, जराही न अडखळता — की माझं मलाच चर्र झालं. हा तर त्याचा आवाज! तीन वर्षं ऐकलेला.

तो म्हणाला, "खरंच?"

आणि मग माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "नाही रे. नाही जेवले. आणि तुझा चेंडूही नाही जेवला. तू गेल्यापासून एकदाही नाही. इतके दिवस खोटं बोलतेय मी तुझ्याशी. मस्त आहे, बरा आहे, सगळं खोटं. काय वाट्टेल ते करून बघितलं, तोंड लावत नाही तो!"

मला वाटलं फोन ठेवला. मग एकदम हळू, "म्हणजे... आहे तो?"

"आहे म्हणजे? जातोय कुठे! पेटीत बसलाय, माझ्याकडे पाठ करून."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झाली असणार, तिथल्या फरशा गार आहेत, पाहिल्या आहेत मी. पायात घालायला चपला दिल्या होत्या तर बॅगेतून काढून ठेवल्या शहाण्याने.

मग आवाजच बदलला त्याचा. गोळ्यांच्या आधी, नोकरीवर असताना बोलायचा ना, तसा. "बरं. रडू नकोस. पहिल्यापासून सांग. काय काय करतेस?"

"तू सांगितलंस तेच! गुरुवारी खाली काढते."

"बरोबर. मग?"

"मग पिशवीसकट गरम पाण्यात."

"किती गरम?"

"बाळाच्या अंघोळीइतकं."

"छान. मग?"

"मग काढते, धुते, पुसते, चिमट्यात धर—"

"थांब. काय करतेस?"

"पुसते."

"त्याच्या आधी."

"धुते."

"कशाने?"

"कशाने म्हणजे? साबणाने! आधी साधा वापरत होते, आता लिंबाचा आणलाय."

मी म्हटलं, "अरे, ऐकतोयस ना?" आणि मग तो हसला. आधी नाकातून, मग खोकल्यासारखं, मग जो सुटला तो सुटला! थांबेचना. केंद्रातल्या बाई घाबरून विचारत होत्या, काय झालं, काय झालं, आणि हा त्यांना सांगायचा प्रयत्न करत होता — "आई... उंदराला... अंघोळ..." आणि परत सुटायचा. मग बाईही हसायला लागल्या. मला आधी राग आला. मग तो हसतोय हे माझ्या ध्यानात आलं. तो हसतोय! किती दिवसांनी ऐकलं, आठवतसुद्धा नाही. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला, एक थेंब सांडू नये म्हणून.

शेवटी दम लागून म्हणाला, "आई, तो वासावर खातो गं. डोळ्यांनी त्याला धड दिसत नाही. इतके शुक्रवार तू त्याला साबणाची वडी खायला देत होतीस!"

"मग हे आधी नको का सांगायला? धुवायचा नाही म्हणून?"

"अगं, उंदीर कोण धुतं?"

"आम्ही धुतो!" म्हटलं. आता या "आम्ही"मध्ये माझ्याशिवाय कोण आहे, माहीत नाही.

ठेवायच्या आधी म्हणाला, "तू आता जेव. आणि पुढच्या रविवारी खरं सांग. नसेल खाल्लं तर नाही म्हण. चालेल मला."

जेवले. दोन पोळ्या, भाजी, वर परत अर्धी पोळी. खरंच जेवले, इथे खोटं कशाला लिहू.

२७ ऑक्टोबर, सोमवार

शुक्रवारची वाट बघवेना. काल फोन ठेवल्यावरच एक खाली काढून ठेवला होता.

न धुता उंदीर हातात घेणं म्हणजे — शी! हात आपोआप नळाकडे जात होता. दोनदा गेला. चक्क नळ बंद करून त्याला फडकं बांधून ठेवलं. पिशवीतून काढला, तसाच, वासासकट, चिमट्यात धरला आणि नाक दाबून गेले.

पेटीचं झाकण उघडलं मात्र, मडक्यातून डोकं बाहेर! जीभ भराभर आतबाहेर. मान वाकडी करून असा थांबला, आणि मी चिमटा हलवायच्या आधीच — फट्! दिसलंसुद्धा नाही. चिमट्याला हिसका बसला, मी किंचाळले, आणि बघते तर उंदराभोवती तीन वेढे घालून बसलेला.

मग गिळला. डोक्याकडून. सावकाश, जबडा इकडून तिकडे सरकवत. शेवटी नुसती शेपूट बाहेर राहिली तोंडातून, शेवयीसारखी. मग तीही गेली. मग एक भलीमोठी जांभई दिली त्याने!

मी जमिनीवर फतकल मारून बसले होते आणि टाळ्या वाजवत होते. साप उंदीर खातोय आणि पन्नाशी ओलांडलेली बाई टाळ्या वाजवतेय. कुणी बघितलं असतं तर मलाच केंद्रात पाठवलं असतं.

एक मात्र झालं. तो गिळताना अगदी जवळून पाहिलं, आणि एक गोष्ट ध्यानात आली. चावत नाही तो. मुळीच चावत नाही! अख्खा गिळतो. आणि मी दुसऱ्याच रविवारी काय सांगितलं होतं? नीट चावून खाल्लं! अरे देवा. म्हणजे तेव्हाच पकडली गेले मी. आणि बोलला नाही लबाड, एवढे रविवार. जाऊ दे. खाल्लं ना आता!

३० ऑक्टोबर, गुरुवार

चेंडूच्या पोटाला फुगवटा होता तो उतरला. बॉयलरवाल्या काकांना सगळी कथा सांगितली. ते इतके हसले की त्यांना बॉयलरचा दाब बघायचा राहिला. दिवसभर लाँड्रीत जो तो मला विचारत होता, "बाई, आज एवढ्या खुशीत?" मी म्हटलं, घरी एकजण जेवायला लागलाय.

१ नोव्हेंबर

उद्या रविवार. उद्या खरं सांगायचं आणि खरं हेच आहे की खाल्लं! झोप येत नाहीये, पण ही वेगळी झोप न येणं आहे. एखादी सहल असावी तसं.

२ नोव्हेंबर, रविवार

फोन नाही. नेहमीची वेळ गेली. अर्धा तास गेला. मी आपली फोनसमोर, कात मांडीवर घेऊन.

शेवटी मीच लावला. दुसऱ्याच कुणीतरी उचलला. "ते? ते गेले की सकाळी."

"गेले म्हणजे?"

"सोडलं त्यांना. आठवडा बाकी होता, पण मॅडमनी परवानगी दिली. सही करून गेले. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सकाळी! तिथून इकडे बसने दोन तास. आता उन्हं उतरली.

बहिणीकडे नाही. जुन्या मित्रांकडे लावला, ज्यांचे नंबर मला पाठ आहेत, पाठ नकोत ते. कुणाकडे नाही. मोबाईल बंद. कान दाराकडे. परत तेच. परत तेच घर, तेच घड्याळ, जिन्यात पाऊल वाजलं की तेच उठून उभं राहणं.

चेंडूला सांगायला गेले तर तो झोपलेला, तृप्त. काय सांगू त्याला.

लाँड्रीतून फोन येतोय. रविवारी कशाला मेले—

३ नोव्हेंबर, सोमवार

लाँड्रीच्या गेटवर होता. दुपारपासून! काल माझी रविवारची पाळी असणार असं धरून तिथे जाऊन बसला, बॅग मांडीवर घेऊन. मला आणायला आला होता. आत निरोप द्यायला लाज वाटली म्हणे, त्या गेटची. संध्याकाळी काकांनी पाहिलं आणि फोन केला. पायांत चपला नव्हत्या.

घरी आला तो थेट खोलीत. चेंडूला उचललं, गळ्याभोवती घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मग म्हणाला, "तू नीट चावून खाल्लं म्हणालीस ना, त्याच दिवशी मला वाटलं, मेला हा. आणि आई मला सांगत नाहीये."

म्हणजे एवढे आठवडे! त्याच्या हिशेबी घरी साप नव्हताच. तरी राहिला तिथे. वांग्यांना पाणी घालत राहिला.

तोंडात आला तो नेहमीचाच प्रश्न. "जेवलास?"

"नाही," म्हणाला. "सकाळपासून काही नाही."

कुकर लावला.